द्राक्षाची पानं, तांबडा रस्सा आणि सेकंदाला आठ मेगाबिट

या महिन्याच्या पत्रांत एक तक्रार पुन्हापुन्हा आली आहे : "मोबाइलवर व्हिडिओ झकास दिसतो, वेबवर टाकला की बिघडतो." माझं काम संकलनाचं. शूटिंग इतर लोक करतात आणि त्यांचं फुटेज माझ्या टेबलावर येतं, त्यामुळे कुठे काय बिनसलंय ते मला रोज बघायला मिळतं. कॅमेरा स्वस्तातला होता म्हणून व्हिडिओ वाया गेला, असं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा शूट करणाऱ्याच्या मनात एक गोष्ट आलेली नसते : आपण काढलेलं चित्र बघणाऱ्यापर्यंत जसंच्या तसं पोचणार नाही. ते वाटेत दाबलं जाणार आहे, म्हणजे फाइल लहान करायला त्यातला तपशील कमी केला जाणार आहे, कधी दोनदा, कधी तीनदा. दाबलं गेल्यावरही टिकेल असं चित्र काढायचं, एवढं ध्यानात ठेवून खालची उत्तरं वाचावीत.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. विरळणी (घडातले जास्तीचे मणी कापणं) कशी करायची, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) कसं करायचं याचे व्हिडिओ मी मोबाइलवर काढतो. मोबाइलमध्ये एकेक मणी वेगळा दिसतो. व्हिडिओ नाशिकला पुतण्याला व्हॉट्सॲपवर पाठवतो, तो यूट्यूबवर टाकतो. तिथे बघावं तर पानांचा नुसता हिरवा चिखल. नवा मोबाइल घेऊ का?
– एक द्राक्षबागायतदार, निफाड तालुका

मोबाइल बदलू नका. दुखणं कुठे आहे ते तुमच्या पत्रातच आलंय. पुतण्याला व्हॉट्सॲपवर पाठवता, तिथे.

शूट करतानाच मोबाइल व्हिडिओ एकदा दाबतो. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलात की तो दुसऱ्यांदा दाबला जातो, आणि हा दाब फार मोठा असतो, कारण तिथे फाइल लहान होऊन भराभर पोचणं महत्त्वाचं. मग यूट्यूब आपल्या पद्धतीने तिसऱ्यांदा दाबतं. मधल्या पायरीवर गेलेला तपशील पुढे कोणालाही परत आणता येत नाही. म्हणून व्हॉट्सॲपवरच पाठवायचं असेल तर 'डॉक्युमेंट' हा पर्याय निवडून फाइल जोडा. अशी फाइल दाबली जात नाही आणि २ जीबीपर्यंत जाते. गूगल ड्राइव्हवर ठेवून पुतण्याला लिंक दिलीत तरी चालेल. वेळ लागेल, पण रात्री लावून ठेवा.

एवढ्याने बराचसा चिखल जाईल. उरलेला पानांमुळे आहे, आणि तो मुळापासून समजून घेतलात तर पुढचा प्रत्येक व्हिडिओ सुधारेल.

१०८०पीचा (उभ्यात १०८० ठिपक्यांचा), सेकंदाला ३० चित्रांचा व्हिडिओ अजिबात न दाबता पाठवायचा म्हटला तर सेकंदाला साधारण ७५० मेगाबिट लागतात. यूट्यूब अशा व्हिडिओसाठी ८ मेगाबिटची फाइल चढवा असं सुचवतं. म्हणजे ९० भागांतले ८९ भाग आधीच सोडून द्यायचे. हे जमतं कसं? एच.२६४ नावाची पद्धत २००३ साली आली आणि आजही असंख्य व्हिडिओ तिनेच दाबले जातात. ती चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडते. अधूनमधून एखादं चित्र पूर्ण साठवते आणि मधल्या चित्रांसाठी कुठला चौकोन कुठे सरकला, कुठे काय बदललं, एवढंच लिहून ठेवते. मागची भिंत हलली नाही तर भिंतीबद्दल काही लिहावं लागत नाही, आणि वाचलेला सगळा डेटा बोलणाऱ्याच्या चेहऱ्याला मिळतो.

आता तुमची बाग बघा. वारा सुटला की हजारो पानं, प्रत्येक पान वेगळ्या दिशेला हलतंय. त्यावर उन्हाचे कवडसे. त्यात फोन तुमच्या हातात, म्हणजे संपूर्ण चौकटच थोडी थोडी हलतेय. प्रत्येक चौकोनात प्रत्येक क्षणी काहीतरी नवीन. ठरलेल्या पगारात महिना काढायचा आणि घरात रोज पाहुणे, अशी डेटाची ओढाताण होते. मग दाबणारी यंत्रणा बारकावे सोडायला लागते. पानाच्या शिरा जातात, मग मण्यांच्या कडा जातात, आणि तुम्हाला दाखवायची असलेली कात्रीची टोकं त्यातच बुडतात.

तेव्हा चौकटीत हलणाऱ्या गोष्टी कमी करायच्या. पहिलं म्हणजे फोन स्टँडवर. बागेत स्टँड उभा राहत नसेल तर मंडपाच्या खांबाला फोन होल्डर आवळून बांधा. दुसरं, वेळ. सकाळी वारा पडलेला असतो आणि ऊनही तिरपं असतं. विरळणीचं काम तेव्हा चालूच असतं, शूटिंगही तेव्हाच उरका. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : ज्या घडावर काम दाखवायचं त्याच्यामागे कोणाला तरी एक जुनी चादर ताणून धरायला सांगा. राखाडी, खाकी, कुठलाही मळखाऊ रंग चालेल. पांढरी नको, पांढऱ्यामुळे फोन उजेड कमी करतो आणि घड काळा पडतो. चादर मागे असली की पानांची सगळी खळबळ चौकटीबाहेर जाते. फोकसही घडावरच राहतो, मागच्या ओळीतल्या पानावर पळत नाही. घडावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच बांधले जातात.

मंडपाखालच्या कवडशांवरही कापडच कामाला येतं. घडावर अर्धं ऊन, अर्धी सावली असेल तर ऊन पडलेले मणी पांढरेफटक होतात, त्यांचा रंग नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही. उन्हाच्या बाजूने पातळ पांढरं धोतर किंवा ओढणी धरली की उजेड सगळीकडे सारखा पसरतो. हा पांढरा कपडा चौकटीबाहेर राहू द्या.

संकलकाच्या बाजूने आणखी एक मागणं. बोलणं आणि दाखवणं एकदम करू नका. आधी शेडजवळ सावलीत उभं राहून सगळं समजावून सांगा, मग नुसते हात आणि कात्री यांचे शॉट घ्या. बोलणं त्यावर बसवता येतं. आणि शॉट लगेच तोडू नका. डिपिंगच्या मगातून घड बाहेर काढला की तो ठिबकायचा थांबेपर्यंत कॅमेरा चालू ठेवा. बघणाऱ्या शेतकऱ्याला मण्यांवर द्रावण सगळीकडे लागलंय की नाही हे त्याच क्षणात कळतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या फुटेजमध्ये नेमका तोच क्षण कापलेला असतो.

फोनमध्ये ४के असेल तर वापरायला हरकत नाही. जास्त रेझोल्यूशनच्या व्हिडिओला यूट्यूब डेटाही जास्त देतं. पण गावाकडचा बघणारा डेटा वाचवायला ४८०पीवर बघत असतो. त्याच्यासाठी चादरच उपयोगी.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो, आई कोल्हापुरात. ती पाककृतींचे व्हिडिओ काढते, मी इथे संकलन करतो. इथून घेतलेला आयफोन तिला दिलाय. तिच्या स्वयंपाकघरातल्या व्हिडिओत काळसर पट्ट्या वर-खाली सरकत राहतात. हाच फोन माझ्या घरी होता तेव्हा असं काही दिसलं नव्हतं. शिवाय तांबड्या रश्शाचा रंग एका शॉटमध्ये भगवा, दुसऱ्यात गुलाबी.
– एक वाचक, एडिसन

फोन ठीक आहे. वीज वेगळी आहे.

अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, भारतात ५०. ट्यूबलाइट किंवा स्वस्तातला एलईडी दिवा प्रत्येक आवर्तनात दोनदा मंद आणि दोनदा तेज होतो. म्हणजे तुमच्याकडे सेकंदाला १२० वेळा आणि आईंच्या ओट्यावर १०० वेळा. डोळ्यांना ते जाणवत नाही. फोन मात्र सेकंदाला ३० चित्रं घेतोय, त्यातलं प्रत्येक चित्र समजा १/६० सेकंदाचं. तुमच्याकडे तेवढ्या वेळात दिव्याचे बरोबर दोन ठोके बसतात. कोल्हापुरात एक पूर्ण बसतो, दुसरा अर्धवट राहतो. त्यात फोनचा उजेड टिपणारा सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात घेत नाही, ओळीओळीने वाचत जातो. काही ओळी दिवा तेज असताना वाचल्या जातात, काही मंद असताना. त्याच तुम्हाला दिसणाऱ्या पट्ट्या.

उपाय फोनमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात रेकॉर्ड व्हिडिओ, त्यात 'शो पॅल फॉरमॅट्स' चालू करा. मग २५ फ्रेमचे, म्हणजे सेकंदाला २५ चित्रांचे, पर्याय दिसायला लागतील, त्यातला १०८०पीचा निवडा. २५ फ्रेमला फोन बहुधा १/५० किंवा १/१०० सेकंदाचा शटर (एका चित्राला उजेड घ्यायचा वेळ) धरतो, आणि दोन्ही आपल्या विजेशी जुळतात. तरी एखाद्या दिव्याखाली पट्टी राहिलीच, तर शटर स्वतः बांधता येईल असं ॲप वापरा. ब्लॅकमॅजिक कॅमेरा फुकट आहे. शटर १/५० वर ठेवून आईंना फोन तयार करून द्या, रोज त्यांना हात लावावा लागणार नाही. तुमच्या संकलनाचा प्रोजेक्टही २५ फ्रेमचाच ठेवा. ३० चा ठेवलात तर काही चित्रं दोनदा दाखवली जातील आणि झाऱ्याची हालचाल अडखळल्यासारखी दिसेल.

यापेक्षा सोपं म्हणजे दिवसा खिडकीच्या उजेडात शूट करणं आणि दिवे बंद ठेवणं. सूर्य लुकलुकत नाही. फक्त आपल्याकडे बहुतेक घरांत ओटा खिडकीखाली असतो, त्यामुळे आईंच्या मागे उभं राहून फोन लावला की खिडकी भगभगते आणि आई काळोखात जातात. फोन ओट्याच्या टोकाला, खिडकीच्या भिंतीला लागून ठेवा. उजेड बाजूने पडेल, कढईच्या कडेवर आणि आईंच्या हातांवर. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा एक पांढरा तुकडा उभा करा, सावलीची बाजू उचलली जाते. फोन कढईच्या अगदी डोक्यावर नको, वाफेने लेन्स धूसर होते. तिरका ठेवा, आणि दर शॉटआधी लेन्स मऊ सुती कपड्याने पुसा. स्वयंपाकघरात तेलाचा पातळ थर लेन्सवर बसतोच, आणि मग सगळ्या चित्रावर दुधी पापुद्रा आल्यासारखा दिसतो.

आता रस्सा. रंग बदलतो तो फोनच्या आपोआप चालणाऱ्या व्हाइट बॅलन्समुळे, म्हणजे उजेडाचा रंग ओळखून फोन चित्राचे रंग बदलतो त्यामुळे. रश्शाने चौकट भरली की फोनला वाटतं उजेडच लाल आहे, आणि तो तांबडा रंग उतरवायला जातो. त्याच रेकॉर्ड व्हिडिओच्या पानावर 'लॉक व्हाइट बॅलन्स' आहे, ते चालू करा, म्हणजे रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर रंग हलत नाही. सुरुवात मात्र अशा चौकटीने करा जिच्यात पांढरी ताटली, स्टीलची भांडी, आईंचे हात असं सगळं आहे. मग कढईजवळ जा.

आणखी एक बारकी गोष्ट सांगते, कारण तांबडा रस्सा वेबवर चांगला दिसावा असं मला मनापासून वाटतं. व्हिडिओ दाबताना उजेड-अंधाराचा तपशील पूर्ण ठेवतात, रंगाचा मात्र चौथा हिस्सा. चार ठिपक्यांना मिळून एक रंग. माणसाचा डोळा रंगातल्या कडांना फारसा संवेदनशील नसतो म्हणून हे खपून जातं. पण रश्शात सगळं लालच असतं. लालातल्या लालाचा फरक वेबवर टिकत नाही, एक सपाट तांबडा डाग उरतो. म्हणून रश्श्यावर रंगाने नव्हे, उजेडाने आकार काढायचा. बाजूच्या खिडकीचा उजेड कटावर असा पडू द्या की तेलाचा प्रत्येक थेंब चमकेल, पळी फिरली की चमक मोडेल आणि पुन्हा जुळेल. ती चमक म्हणजे उजेड-अंधाराचा तपशील, आणि तो प्रेक्षकापर्यंत पोचतो. समोरून सपाट दिवा लावलात तर कितीही महाग कॅमेऱ्याने हे साधणार नाही.

फोडणीचा आवाज घ्यायचा असेल तर त्या वेळी आईंना बोलायला लावू नका. चिमणी, पंखा, मिक्सर बंद. फोन जवळ नेऊन फोडणी आधी नुसती ऐका आणि नोंदवा, बोलणं नंतर.

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेत दशावतार असतो. रात्रभराचा प्रयोग मोबाइलवर घेऊन वेबवर ठेवायचा आहे. गेल्या वर्षी नटांचे चेहरे पांढरे पडले, बाकी सगळं काळं आणि दाणेदार. संवाद तर कळतच नाहीत.
– एक वाचक, कुडाळ

सगळ्यात आधी दशावतार कंपनीच्या मालकांना विचारा. कलाकारांचं पोट या प्रयोगांवर आहे, आणि अख्खा प्रयोग फुकट वेबवर जाणं त्यांना चालेल का हे त्यांनीच ठरवायचं. काही जण एखादाच प्रवेश ठेवायला सांगतील, तेवढाच ठेवा.

त्यांनी हो म्हटलं तर तुमच्या हातात फार मोठं काम आलंय. दशावतारात संवाद लिहून पाठ केलेले नसतात. आख्यान ठरलेलं, पण शब्द नट तिथेच, त्या रात्री घडवतो. उद्या दुसऱ्या गावात तोच नट तेच वेगळ्या शब्दांत बोलेल. म्हणजे तुमच्या ध्वनिमुद्रणात तो संवाद नीट आला नाही तर तो पुन्हा कुठेच मिळायचा नाही. त्यामुळे इथे मी चित्राच्या आधी आवाजाची तयारी सांगणार आहे.

शूटिंगचा फोन प्रेक्षकांत असतो, त्यामुळे त्याच्या माइकवर भोंग्याचा आवाज, पोरांची कुजबुज आणि खाज्याच्या दुकानाचा कालवा येतो. आवाजासाठी दुसरा फोन किंवा छोटा रेकॉर्डर वेगळा ठेवा. साउंडवाल्याला विनंती करून त्याच्या मिक्सरमधून थेट तार मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर रेकॉर्डर रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, पण पखवाज आणि झांजेपासून लांबच्या बाजूला झुकवून ठेवा. झांज जवळ आली की बाकी सगळं गिळते. आवाजाची पातळी आधी नाटकातल्या सगळ्यात मोठ्या आवाजावर तपासा : युद्धाच्या प्रवेशात पखवाज चढतो तेव्हा मीटर लाल होता कामा नये. हळू आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज शिवता येत नाही.

दोन्ही यंत्रं चालू झाली की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवता येतात. पण दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, तासाभरात ओठ आणि शब्द वेगळे पडायला लागतात. आडदशावतार (आख्यानाआधीचा भाग) संपला की थांबवा, मुख्य आख्यान नव्या टाळीने सुरू करा, पुढेही गाण्याच्या जागी संधी मिळेल तिथे तेच. तुकडे झाले म्हणजे एखादी फाइल बिघडली तरी सगळी रात्र जात नाही.

चित्राचं म्हणाल तर चेहरे पांढरे पडण्याचं कारण मागचा काळोख. चौकटीत बहुतेक काळंच आहे असं बघून फोन उजेड वाढवतो, आणि रंगवलेला, मुकुट घातलेला चेहरा जळतो. रंगमंचावर राजपार्ट (राजाची भूमिका करणारा नट) उभा असताना त्याच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, उजेड बांधला गेला की सूर्याचं चिन्ह खाली ओढून थोडा कमी करा, आणि तसाच सोडा. काळ्या वेशातला संकासुर आला म्हणून वाढवायला जाऊ नका. त्याचे कपडे काळेच दिसले पाहिजेत.

दाणे येतात ते कमी उजेडात सेन्सरवर ताण पडतो म्हणून. प्रत्येक चित्रात दाणे वेगळ्या जागी असतात, त्यामुळे दाबणाऱ्या यंत्रणेला वाटतं सगळा काळोखच हलतोय, आणि ती डेटा त्यात घालवते. २५ फ्रेम ठेवा, ६० नको. सेकंदाला जास्त चित्रं म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड कमी. फोनची मुख्य लेन्स वापरा, ती सगळ्यात जास्त उजेड घेते. बोटांनी झूम करू नका, पुढे जाऊन बसा. मंडळींना चालणार असेल तर रंगमंचाच्या दोन बाजूंना एकेक पांढरा दिवा वाढवून मिळतो का विचारा. निळे-जांभळे फिरते दिवे मात्र बंद ठेवायची विनंती करा, त्यात चेहऱ्याचे रंग पार विटून जातात.

जागा किती लागेल? आयफोनच्या 'हाय एफिशियन्सी' फाइल-पद्धतीत १०८०पी, ३० फ्रेमला मिनिटाला ६० एमबी जातात, तासाला साडेतीन जीबीच्या वर. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याच्या दुप्पट धरा. फोन चार्जरला जोडलेला, एअरप्लेन मोडवर. मध्येच आलेल्या फोनने रेकॉर्डिंग तुटलं तर तो प्रवेश गेलाच.

प्रश्न : हातात ३०,००० रुपये आहेत. व्हिडिओसाठी कुठला कॅमेरा घेऊ?
– एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

तुमच्याकडे गेल्या चार-पाच वर्षांतला बरा फोन असेल तर कुठलाच घेऊ नका. कॉलरला लावायचा तारेचा माइक हजाराच्या आसपास मिळतो, तो आधी घ्या. मग न डगमगणारा स्टँड आणि एक मऊ उजेडाचा एलईडी दिवा. बाकीचे पैसे बँकेत ठेवून व्हिडिओ करायला लागा. कशासाठी कॅमेरा कमी पडतोय ते तुम्हालाच कळेल, आणि तेव्हा तुम्ही मला मॉडेलचं नाव घालून प्रश्न विचाराल.

प्रश्न : फोन उभा धरावा की आडवा? सगळे उभा धरा म्हणतात.
– एक वाचक, मडगाव

बघणारा कुठे बघणार त्यावर ठरवा. यूट्यूब शॉर्ट्सवर ऑक्टोबर २०२४पासून ३ मिनिटांपर्यंतचे उभे व्हिडिओ चालतात, आणि एक माणूस एकच गोष्ट सांगत असेल तर उभी चौकट त्याला छान बसते. पण दोन माणसांचं बोलणं, नाच, शेत, होडी, यांना आडवीच हवी. आडवं काढून नंतर कापून उभं करायचा विचार असेल तर ४केमध्ये काढा आणि माणूस मध्यावर ठेवा, नाहीतर कापल्यावर उरतं ते फार थोडं. एकाच व्हिडिओत अर्धं उभं, अर्धं आडवं मात्र कधीच नको.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गणिताचे छोटे धडे व्हिडिओवर करते, मुलं घरी पालकांच्या फोनवर बघतात. वर्गात आवाज घुमतो आणि फळ्यावर चकाकी येते. खर्च करायला पैसे नाहीत.
– एक शिक्षिका, जव्हार

पैसे लागणारच नाहीत, बाई.

आवाज घुमतो तो उघड्या भिंती, फरशी आणि पत्र्यामुळे. तुमचा आवाज माइकपर्यंत थेट पोचतो आणि भिंतींवरून आपटून पुन्हा पोचतो. शाळेतल्या सतरंज्या काढा. एक पायाखाली अंथरा, दोन तुमच्या समोरच्या बाजूला, म्हणजे फोनच्या मागे, दोरीवर टाका. आवाज तिकडे जाऊन परत येतो, तिकडेच अडवायचा. मग फोन जवळ घ्या. माइकपासूनचं अंतर निम्मं केलं की तुमचा थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि घुमणारा तेवढाच राहतो; हा फरक कुठल्याही सॉफ्टवेअरने मिळणार नाही. फळा दिसायला फोन लांब ठेवावा लागत असेल तर जुन्या फोनबरोबर आलेला तारेचा इअरफोन दुसऱ्या एखाद्या फोनला लावा, त्याचा माइक पदराला पिनेने टाचा, हनुवटीपासून वीतभर खाली. तो फोन कमरेला, आवाज त्यावर. दुसरा फोन नसेल तर आधी शिकवताना चित्र घ्या, मग तेच बोलणं फोन तोंडाजवळ धरून शांत खोलीत पुन्हा म्हणा आणि चित्रावर बसवा. गणिताच्या धड्यात हात आणि फळाच दिसत असतो, ओठ जुळले नाहीत तरी कोणाचं अडत नाही.

चकाकीसाठी फोन फळ्याच्या अगदी समोरून काढून एका बाजूला सरकवा आणि फोनच्या पडद्यावर बघत राहा, पांढरा डाग फळ्यावरून सरकत बाहेर जाईल. तिथे थांबा. दारातून ऊन येत असेल तर दाराचा एक पल्ला लोटा.

अक्षर मोठं काढा. तुमची मुलं सहा इंची पडद्यावर, बहुधा ३६०पीवर बघणार आहेत. फळ्याच्या आडव्या रुंदीत दहा-बारा अक्षरांपेक्षा जास्त नकोत. हिरव्या फळ्यावर पांढरा किंवा पिवळा खडू. लाल, निळा खडू वेबवर फळ्यात विरघळतो. आणि बेरजेचा हातचा लिहिताना हात फळ्यासमोरून बाजूला घेऊन क्षणभर थांबा, मुलांना तो आकडा वाचायला तेवढा वेळ हवा असतो.

मुलांचे चेहरे व्हिडिओत येणार असतील तर पालकांची लेखी परवानगी आधी घ्या आणि व्हिडिओ यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवा. लिंक ज्यांच्याकडे असेल त्यांनाच तो सापडेल.